साक्ष पाळकांवर सोपवू नका



ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभराच्या साहित्याचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो मी घेणार नाही. मी तुमच्याशी भांडायला उभा आहे, आणि तेही या नगरमध्ये, जिथून 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं.

सुवार्ता सांगायचं काम पगारी माणसांवर सोपवून आपण मोकळे झालो आहोत. पाळक आहेत, सुवार्तिक आहेत, वर्षातून एकदा तीन दिवसांची सभा आहे. मंडप पडतो, बाहेरगावचा वक्ता येतो, आपण वर्गणी देतो आणि पहिल्या रांगेत बसतो. सोमवारी कचेरीत शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारतो, “काल दिसला नाहीत?” आपण म्हणतो, “जरा बाहेर गेलो होतो.” उपासनेला गेलो होतो, एवढे तीन शब्द तोंडातून निघत नाहीत. नाताळात आपल्या करंज्या खाणाऱ्या त्या माणसाला आपण कोणावर विश्वास ठेवतो हे निवृत्तीच्या दिवसापर्यंत कळत नाही. ही सभ्यता नव्हे. ही चोरी आहे. जे आपल्याला फुकट मिळालं ते आपण दाबून ठेवलं आहे.

प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय काढा. छळ सुरू झाला तेव्हा प्रेषित यरुशलेमेतच राहिले. पांगले ते साधे विश्वासणारे, आणि वचन गावोगाव नेलं ते त्यांनी. आपण नेमकं उलटं करून ठेवलं आहे.

रेव्हरंड टिळकांची जयंती आपण साजरी करतो. त्यांच्या हाती नवा करार कोणी दिला? 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला, आगगाडीच्या डब्यात, एका गोऱ्या सहप्रवाशाने. ना व्यासपीठ, ना पत्रक, ना सभा. तो माणूस ब्राह्मण कवीशी कवितेवर बोलला, त्याचं ऐकून घेतलं, मग धर्मावर आला आणि उतरण्याआधी स्वतःजवळचं पुस्तक देऊन गेला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ‘ख्रिस्तायन’, अभंग, ‘देवाचा दरबार’ हे सगळं त्यानंतरचं.  माझा सवाल असा की त्या प्रवाशाच्या पिशवीत त्या दिवशी नवा करार होता, तो का होता? रोज असे म्हणूनच असणार. नगरहून पुण्याला येस्टीने निघताना तुमच्या पिशवीत काय असतं?

आणि टिळकांच्या घरातलं पाहा. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने. मधल्या काळात त्या दोघांनी काय सोसलं ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. ज्यांना एका सभेत हात वर झालेले मोजायचे असतात, त्यांनी ती पाच वर्षं वाचावीत.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो घाबरलेल्या माणसाचा आहे म्हणून मी त्याला हसणार नाही. दिवस बरे नाहीत. घरात प्रार्थनेला जमलेल्यांना दारात जाब विचारला जातो. पण राज्यघटनेचं 25 वं कलम धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य देतं. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क यात नाही; आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे. मला तेवढा पुरेसा आहे. हृदय बदलणं आपलं काम कधीच नव्हतं. जो धान्याच्या पिशवीबरोबर, शाळेच्या फीबरोबर विश्वास विकतो, तो ख्रिस्ताचाही अपराधी आहे आणि त्या गरिबाचाही. अशा माणसाला आपल्या मंडळीत उभं करू नका.

रोजचं काम लहान आहे. सकाळच्या कुटुंबप्रार्थनेत “सर्व जगासाठी” म्हणून उरकू नका. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं नाव घ्या, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं सांगा. ज्याच्यासाठी सकाळी नाव घेऊन मागितलं, त्याला संध्याकाळी जिन्यात टाळता येत नाही. त्यांचं ऐका. मग विचारा, “तुमच्यासाठी प्रार्थना करू का?” नाही म्हणाल्या तर थांबा, आणि दुसऱ्या दिवशी औषध आणून द्यायला जा. हो म्हणाल्या तर दोन मिनिटांत, स्वयंपाकघरातल्या मराठीत करा. पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला आयुष्याच्या शेवटापर्यंत झिजल्या, खेड्यातल्या बाईला ते कळावं म्हणून. आपण मात्र व्यासपीठाची भाषा घेऊन शेजारी जातो, आणि शेजारी कंटाळला की त्याचं हृदय कठीण आहे असं म्हणतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हा विश्वास कोणत्याही मोठ्या वक्त्याने आणला नाही. महारवाड्यात, मांगवाड्यात तो सोयऱ्याने सोयऱ्याला सांगितला. विहिरीवर पाणी नाकारलेल्या माणसाने तशाच दुसऱ्याला सांगितला. त्या निरक्षर माणसांना जे जमलं, ते पदवीधर नातवंडांना का जमू नये?

लेखकांनो, हे तुम्हालाही आहे. आपण आपल्यासाठी लिहितो, आपणच छापतो, आपणच वाचतो. पुढचा कथासंग्रह उपासनेला कधीच न आलेल्या वाचकासाठी लिहा.

समारोपाच्या सत्रात सुवार्तेवर ठराव येणार आहे, असं कळतं. अध्यक्ष म्हणून मी तो मांडू देणार नाही. असे ठराव आपण पुष्कळ केले. त्या वेळेत प्रत्येकाने कागदावर एकाच माणसाचं नाव लिहावं, ज्याला आपण रोज भेटतो आणि ज्याला आपण अजून काहीच सांगितलेलं नाही. कागद आमच्याकडे देऊ नका, मोजायचे नाहीत. तो तुमच्या बायबलात ठेवा आणि उद्या त्या माणसाकडे जा.