तबकडीवरचा आवाज आणि गाणाराचा संसार

भोकरदन तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाई हें गांव आज मिरचीच्या बाजारामुळें दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. १९३१ ते १९४० या दहा वर्षांत मात्र तें निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्याच्या एका टोकाला होतें. राज्याची हद्द तेथून जवळ. ती ओलांडली कीं वऱ्हाड लागे, आणि वऱ्हाडांतल्या बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर. पुण्या-मुंबईचा नामांकित गवई या टापूंत बैठकीसाठीं येणें ही जवळजवळ अशक्य गोष्ट. बैठक भरवावयाची तर आश्रयदाता हवा, साथीदार हवेत, चार जाणते श्रोते हवेत. ग्रामोफोनच्या तबकडीला यांपैकीं कांहींच लागत नसे. कापडांत गुंडाळून ती बैलगाडींतूनही सुखरूप येऊं शके. फक्त चाकाखालीं धोंडा येतां कामा नये, कारण लाखेची ती चकती कांचेसारखी तडकत असे.

त्या दहा वर्षांत मराठी मुलखांतलें गाणें असें तबकडीवर बसून हिंडलें. पण ज्या घरानें आवाजाला दिवाणखान्यांत जागा दिली, त्या घरानें तो आवाज ज्याचा किंवा जिचा होता त्या माणसालाही तशीच जागा दिली असती, असें मात्र म्हणतां येत नाहीं. आवाज एकीकडे आणि संसार दुसरीकडे अशी ही ताटातूट कशी झाली, हें त्या काळच्या कांहीं तबकड्या हातीं घेऊन पाहण्याजोगें आहे.

आरंभ मेहकरापासूनच करावा. नागोराव घनश्याम देशपांडे हे १९०९ सालीं जन्मले, वकील झाले, आणि मेहकरास राहून कविता लिहूं लागले. त्याच वर्षीं जन्मलेले जी. एन. जोशी हे नागपुरास शिकले; कायद्याची पदवी त्यांनींही घेतली होती. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता जोशांनीं गाइली आणि दशकाच्या आरंभींच तिची तबकडी निघाली. तोंवर मराठी तबकड्यांवर नाट्यपदें, अभंग, लावण्या आणि रागदारीच्या चिजा असत. कविता ही शाळेंत पाठ म्हणावयाची, फार तर रविकिरण मंडळाच्या यशवंत-गिरीशांसारख्या कवींच्या तोंडून काव्यगायनांत ऐकावयाची वस्तु होती. ‘शीळे’नें ती घरोघर गुणगुणण्याची केली. भावगीत म्हणून जो प्रकार पुढें रुजला, त्याच्या जन्माचें श्रेय या तबकडीकडे सर्रास देण्यांत येतें, व तें गैर नाहीं. थोडें निरखून पाहिलें तर असें दिसतें, कीं हा प्रकार तबकडीच्या मापानेंच बेतलेला आहे. नाट्यपदाला रंगभूमि लागे, ख्यालाला रात्र लागे. भावगीताला तीन कडवीं आणि तबकडीची एक बाजू पुरे. इचलकरंजीचे जे. एल. रानडे यांनीं हीच वाट रुंद केली, आणि दशकाच्या अखेरीस गजाननराव वाटवे तींत येऊन मिळाले.

जोशांनीं वकिलीला रामराम ठोकला. १९३८ सालीं ते ग्रामोफोन कंपनींत ध्वनिमुद्रणाच्या कामावर रुजू झाले, आणि मग स्वतः गाण्यापेक्षां दुसऱ्यांचीं गाणीं मुद्रित करण्यांतच त्यांचें आयुष्य गेलें. देशपांडे मेहकरासच राहिले. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह पुस्तकरूपानें निघाला तो १९५४ सालीं! म्हणजे ऐकणारा वाचक कवीला वीस वर्षें आधीं लाभला, आणि पुस्तक विकत घेणारा मागाहून. मराठी कवीच्या नशिबीं हा क्रम क्वचितच आला असेल.

येथें तबकडीच्या यंत्राविषयीं थोडें सांगणें भाग आहे. ती मिनिटाला ७८ फेरे घेई. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटें चाले, बारा इंचीची चार-साडेचार. चावी देऊन स्प्रिंग ताणावी, पोलादी सुई बसवावी, आणि बाजू संपली कीं सुई बदलावी. १९२५ पूर्वीं गाणाराला कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें लागे; नाजूक हरकत मेणावर उमटतच नसे. त्यानंतर विजेच्या ध्वनिग्राहकाची सोय झाली, आणि हळू गाणाऱ्यांचें नशीब उघडलें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजाननें या देशांतलीं पहिलीं कांहीं ध्वनिमुद्रणें केलीं, तेव्हां गाण्याच्या शेवटीं ती स्वतःचें नांव पुकारीत असे. नवीं यंत्रें आल्यावर तसें करण्याचें कारण उरलें नव्हतें.

हळू गाणाऱ्यांत अग्रगण्य म्हणजे खांसाहेब अब्दुल करीमखां. कैराण्यास १८७२ सालीं जन्मलेले हे गवई मिरजेला स्थायिक झाले. सुरांत विरघळून जाणारा त्यांचा आवाज कर्ण्याच्या काळांत जितका पकडला गेला नाहीं, तितका या दशकांतल्या तबकड्यांवर पकडला गेला. झिंझोटी आणि भैरवी या रागांतल्या त्यांच्या ठुमऱ्यांनीं, ज्या घरांत ख्याल म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें, तेथेंही प्रवेश मिळवला. गदगच्या एका शाळामास्तरांच्या मुलानें त्यांपैकीं झिंझोटीची ठुमरी ऐकली आणि असें गाणें आपल्याला आलें पाहिजे या ध्यासानें १९३३ सालीं, अकराव्या वर्षीं, घर सोडलें. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. रेल्वेंतून बिनतिकिटाचे प्रवास, ग्वाल्हेरपासून जालंदरपर्यंतची भटकंती, आणि शेवटीं करीमखांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारीं मुक्काम. एका तबकडीनें एका बापाचा मुलगा कांहीं काळ हिरावून नेला, असेंही या गोष्टीकडे पाहतां येईल. गदगच्या त्या घरानें त्या वर्षीं तसेंच पाहिलें असणार.

करीमखांच्या स्वतःच्या घराची गोष्ट याहून कठीण आहे. बडोद्याच्या सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याबरोबर बडोदें सोडून निघून आली. त्यांना पांच मुलें झालीं. १९२० च्या सुमारास ताराबाई पांचही मुलें घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनीं नांवें बदललीं: थोरले सुरेशबाबू माने झाले, चंपाकली ही हिराबाई बडोदेकर झाली, धाकटी सकीना ही पुढें सरस्वती राणे. बापाच्या नांवाची खूण आडनांवांत राहिली नाहीं. गळ्यांत राहिली ती कोण पुसणार? हिराबाईंची पुढची तालीम झाली ती वडिलांकडे नव्हे, तर किराना घराण्याच्याच अब्दुल वहीदखांकडे. तिसऱ्या दशकापासून हिराबाईंच्या तबकड्या निघत होत्या, आणि चौथ्या दशकांत त्यांचा खप कोणत्याही गायिकेला हेवा वाटावा असा होता. हौशी माणसाच्या तबकड्यांच्या पेटींत बापाची झिंझोटी आणि लेकीचें नाट्यपद एकमेकांना टेकून उभें राही. प्रत्यक्षांत बाप आणि लेक यांच्यामध्यें जें अंतर पडलें होतें, त्याची त्या पेटीच्या धन्याला बहुधा कल्पनाही नसे.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजीं करीमखां मद्रासकडून पाँडिचेरीला जात असतां त्यांना गाडींत अस्वस्थ वाटूं लागलें. सिंगपेरुमाळकोईल नांवाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, फलाटावर बिछाना घातला, प्रार्थना केली, आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांची कबर आहे.

हिराबाईंच्या संसाराचाही हिशेब तबकडीवरून लागणारा नव्हे. कुलीन समजल्या जाणाऱ्या घरांतली स्त्री तिकीट लावून, चारचौघांसमोर बैठक मारून गाते, ही वहिवाट त्यांनीं पाडली. नाचगाण्याच्या बैठकीवरचे हावभाव त्यांनीं टाळले. त्या स्थिर बसत, आणि गाणें तेवढें हालत असे. भावंडांनीं मिळून काढलेल्या नाटक मंडळींत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत. मंडळी कर्जांत बुडाली, आणि तें कर्ज हिराबाईंनीं गांवोगांव मैफली करून फेडलें. म्हणजे श्रोते ज्या गोड आवाजाच्या तबकड्या सायंकाळच्या विरंगुळ्यासाठीं लावीत, त्याच आवाजाला दुसऱ्या दिवशीं सावकाराचें देणें भागवावयाचें असे.

आतां एक नाजूक गोष्ट. पुण्याच्या बाई सुंदराबाई जाधव या लावणी, गझल, ठुमरी सारख्याच ढंगानें गात. १९१९ सालच्या ‘एकच प्याला’ नाटकाच्या पदांना ज्या चाली लागल्या, त्यांतल्या कित्येक सुंदराबाईंकडून आलेल्या होत्या. बालगंधर्वांच्या तोंडून त्या सबंध महाराष्ट्रानें डोक्यावर घेतल्या. नाट्यगृहांत पहिल्या रांगेंत बसून त्या चालींवर माना डोलावणारे सुशिक्षित गृहस्थ सुंदराबाईंच्या बैठकीला उघडपणें जावयास मात्र कचरत; आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांना तर तो प्रश्नच नव्हता. तबकडीनें ही अडचण परस्पर दूर केली. लावणी माजघरापर्यंत आली. लावणी गाणारी मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली. या तडजोडीला कोणी सुधारणा म्हणेल, कोणी ढोंग. दोन्ही म्हणणाऱ्यांजवळ पुरावा आहे. १९३९ सालीं प्रभातच्या ‘माणूस’ या बोलपटांत सुंदराबाईंनीं नायकाच्या सोवळ्या, देवभोळ्या आईची भूमिका केली, आणि ती पाहून प्रेक्षकांचे डोळे पाणावले. ज्या बाईला घरांत आई म्हणून कोणी कल्पिलें नसतें, तिला पडद्यावर सबंध शहरानें आई मानलें.

याच काळांत संगीत रंगभूमीचा पाया खचत होता. १९३१ सालीं बोलपट आला, आणि तीन वर्षांत गंधर्व नाटक मंडळीला टाळें लागलें. बालगंधर्व प्रभातकडे गेले. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ मध्यें त्यांनीं एकनाथांची भूमिका केली. स्त्रीवेषांत ज्यांनीं दोन पिढ्यांना वेड लावलें, त्यांना पुरुषवेषांत पाहून प्रेक्षक हिरमुसले. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत मंडळीनें ‘कृष्णार्जुनयुद्ध’ हा बोलपट १९३४ सालीं काढला आणि त्यांत तीही खोलांत गेली. दीनानाथांच्या तबकड्या आजही लावल्या तर विजेसारखी तान अंगावर येते. तिला त्या तोट्याचा स्पर्श नाहीं. एप्रिल १९४२ मध्यें पुण्यास ते वारले, तेव्हां त्यांचें वय अवघें एकेचाळीस होतें, आणि थोरली मुलगी लता बारा वर्षांची. घर चालविण्यासाठीं त्या मुलीला ताबडतोब बोलपटांत काम धरावें लागलें.

बोलपटांनीं दिलेंही कांहीं कमी नाहीं. १९३६ च्या ‘संत तुकारामां’त विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत तो बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला, आणि पुढल्या वर्षीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत त्याचा गौरव झाला. पागनीस हे मूळचे नाटकांतले स्त्रीपार्टी. पण त्या चित्रानंतर लोक त्यांच्या पायां पडूं लागले. गंमत अशी, कीं त्यांतला एक गाजलेला अभंग तुकारामांचा नव्हेच. तो शांताराम आठवले यांनीं बोलपटासाठीं रचला, आणि त्याची भाषा इतकी साधली, कीं जाणत्या अभ्यासकांनींही तो गाथेंत शोधला. संगीत केशवराव भोळे यांचें. पुढच्याच वर्षींच्या ‘कुंकू’मध्यें त्यांनीं पार्श्वसंगीत अजिबात वगळलें, आणि शांता आपटे यांनीं त्यांत लाँगफेलोची इंग्रजी कविता गाऊन दाखविली. मराठी मुलीच्या तोंडीं इंग्रजी गाणें, तेंही जरठ-बाला विवाहाविरुद्धच्या बोलपटांत, हें धाडस आजही लहान वाटत नाहीं.

नभोवाणीवाल्यांची त्या वेळची एक करामत जातां जातां नोंदविण्यासारखी आहे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला बंदी केली, ती १९७१ पर्यंत पुरती उठली नाहीं. तबकड्यांवर मात्र पेटी सुखेनैव वाजत राहिली. ऐकणाराला त्यामुळें कांहीं इजा झाल्याचें आढळलें नाहीं.

शेवटीं, ज्यांच्या तबकड्या नाहींत त्यांच्याविषयीं. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांचा आवाज कोणत्याही तबकडीवर नाहीं. कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखां १९४६ पर्यंत जगले, म्हणजे हें सबंध दशक त्यांनीं मुंबईंत पाहिलें, यंत्रें दाराशीं होतीं. तरीही त्यांनीं ध्वनिमुद्रण करूं दिलें नाहीं. वर्षानुवर्षांच्या मेहनतीनें बांधलेली गायकी तीन मिनिटांत काय सांगणार, असें त्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं. पण त्यांच्याच शिष्या, गोव्यांतल्या केरी गांवच्या केसरबाई केरकर, ज्यांना १९२१ पासून त्यांची तालीम मिळाली, त्यांनीं याच दशकांत तबकड्यांसाठीं गाइलें. लहानपणीं आठ महिने त्या अब्दुल करीमखांकडेही शिकल्या होत्या. स्वभाव करारी, गाणें भरदार, आणि श्रोत्यानें लक्ष दिलें नाहीं तर बैठक थांबविण्याची तयारी. त्यांनीं गाइलेली साडेतीन मिनिटांची एक भैरवी अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनीं निवडली आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर उतरवून व्हॉयेजर नांवाच्या दोन यानांबरोबर १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत आकाशांत सोडली. दुसरें यान निघाल्यावर अकराव्या दिवशीं, १६ सप्टेंबरला, केसरबाई मुंबईंत वारल्या. त्या तबकडीवर भारतांतलें गाणें तेवढें एकच आहे.