स, श आणि ष

तोंडासमोर तळहात धरून 'प' म्हणून पाहा. ओठ मिटतात, उघडतात आणि हवेचा एकच झोत हाताला लागतो. आता 'स' म्हणा. येथे वाट पुरती बंद होतच नाही. जिभेच्या मधोमध पन्हळ पडते, तिच्यातून निघालेली हवेची बारीक धार पुढच्या दातांवर आदळते, आणि त्या घर्षणातून जो सूं सूं असा नाद उठतो, तोच 'स'. म्हणूनच 'प' लांबविता येत नाही. 'स' मात्र श्वास पुरेल तोवर चालतो. आपल्या प्राचीन वर्णशास्त्रज्ञांनी 'क' पासून 'म' पर्यंतच्या वर्णांना 'स्पर्श' म्हटले आणि श, ष, स, ह यांना 'ऊष्म'. आजचे ध्वनिशास्त्र यांनाच 'घर्षक' म्हणते.

'स' म्हणता म्हणता जीभ किंचित मागे, तालूकडे न्या. 'श' ऐकू येईल. तिचे टोक वळवून मूर्ध्याकडे नेले की 'ष'. मराठी बोलण्यात हा 'ष' बहुधा 'श' मध्ये मिसळून गेला आहे. लेखनाने मात्र त्याला जपले आहे.

स्थानांतील हे अंतर केवढेसे! पण एवढ्यावरून आपण माणसाची पारख करतो. 'शाळा' ऐवजी 'साळा' म्हणणारे मूल वर्गात हास्याचा विषय होते. ते मूल नवे काहीच करीत नाही. महाराष्ट्री प्राकृताने तिन्ही वर्णांचा एक 'स' केला होता. त्याच्याही आधी, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, अशोकाच्या शाहबाजगढी येथील लेखात श, ष, स वेगळे राखलेले दिसतात. गिरनारच्या लेखात मात्र केवळ 'स' आहे. तेथे प्रत्यक्ष सम्राटाचे 'प्रियदर्शी' हे नाव 'प्रियदसि' असे कोरलेले आहे.

आणि आपली प्रमाण मराठी तरी काय करते? संस्कृतातील 'सीव्यति' मध्ये 'स' आहे; आपण मात्र कपडे 'शिवतो'. 'इ'कारापूर्वी जीभ तालूकडे ओढली गेली आणि 'स' चा 'श' झाला. या 'श' ला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

प्रमाण उच्चार शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. तो अवश्य शिकवावा. परंतु मुलाला 'श' येत नसेल, तर जीभ कोठे न्यावी हे त्याला दाखवावे. दोन-चार प्रयत्नांत ती तेथे पोहोचते. वर्गात एकदा हशा पिकला, तर ते मूल बोलायचेच थांबते.