लगीन झालं नव्हतं, संसार झाला होता

(कार्यकर्त्यांच्या कुटुंब शिबिरात दिलेले भाषण)



विषय मोठा आहे: संस्कृती आणि नवरा-बायकोमधले प्रश्न. पदविका करताना कौटुंबिक समुपदेशन आम्ही शिकलो होतो. संवाद नाही, एकमेकांना वेळ नाही, सासू-सुनेचं पटत नाही, ही भांडणाची कारणं मला पाठ होती. ती घेऊन मी पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर आलो आणि पहिल्याच वर्षी चूक करून बसलो. आज तीच सांगतो.

वारली समाजात पुष्कळदा जोडपं आधी एकत्र राहू लागतं. मुलंबाळं होतात, आणि लगीन पुढे, पैसा जमेल तेव्हा. देज द्यायचं, धवलेरीला बोलवायचं, भिंतीवर चौक लिहायचा, सगळ्या पाड्याला जेवण. काही वेळा आईबापाचं आणि पोराचं लगीन एकाच मांडवात लागतं. तोवर पाडा त्यांना नवरा-बायकोच मानतो. मी मानलं नाही.

दोन मुलांचं एक जोडपं प्रार्थनेला यायचं. मी त्यांना स्पष्ट म्हणालो, हे लग्न नव्हे, असं राहणं पाप आहे. बाई खाली मान घालून बसली. पुढच्या हंगामात तो वीटभट्टीवरून दुसरीला घेऊन आला. पंच बसले. तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "सरच बोलले ना, लगीन झालंच नाही?"

पंचांपुढे मला उत्तर देता आलं नाही.

मग मी बघायला शिकलो. आपल्याकडे शहरात हुंड्यामुळे मुलीचा बाप वाकतो. इथे देज मुलाकडून मुलीच्या बापाला जातं, म्हणून आम्हांला वाटायचं, बाईची किंमत आहे, छान आहे. पण मार खाऊन लेक माहेरी आली, की सासरचे देज परत मागतात. ते तर कधीच खर्च झालेलं असतं. मग बापच तिला म्हणतो, जा परत. बाप वाईट नसतो, अडकलेला असतो. पवित्र शास्त्रातही याकोबाने राहेलसाठी लाबानाकडे सात वर्षं राबून दिलं, फसवणूक झाल्यावर आणखी सात. हा अध्याय पाड्यावर वाचला की लोक हसतात. त्यांच्यात घरजावई राहून असंच फेडणारे असतात.

लग्नाचं कर्ज ही इथली जुनी जखम आहे. लग्नासाठी पैसे घेऊन सावकाराकडे राबणाऱ्याला 'लग्नगडी' म्हणत. बायकोही त्याच्याबरोबर राबायची. 1945 साली तलासरी-उंबरगाव भागात आदिवासी उठले ते या वेठीविरुद्ध. आता सावकाराच्या जागी भट्टीची उचल आली. उचल जोडीची, मोजून हातात घेतो नवरा. त्यातली थोडी दारूत गेली, तरी विटा दोघांनी पाडायच्या. भट्टीवरच्या झोपडीत रात्री जे भांडण होतं, त्याला 'संवादाचा अभाव' म्हणायला माझी जीभ आता वळत नाही.

आणि आपण काय मोठे सुधारलेले? माझी बायको नोकरी करते, पगार तिच्या खात्यात येतो, पण नातलगांना लग्नात किती पाकीट द्यायचं ते माझी आई ठरवते. आमची निम्मी भांडणं तिथली. पुरुषाने आईबाप सोडून बायकोशी जडून राहावं, हे उत्पत्तीतलं वचन मी दुसऱ्यांच्या लग्नांत बरंच समजावलं आहे.

कायद्याचं एक लक्षात ठेवा. 1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही, त्यांची रूढी बघितली जाते. आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो. हे मला त्या पंचांपुढे माहीत असतं तर!

आपल्या भेटीच्या फॉर्मवरचा 'विवाहित की अविवाहित' हा रकाना मी काढला आहे. आता विचारा, किती वर्षं सोबत राहता, आणि उचल कोणी घेतली.

त्या बाईला नंतर एकटीला म्हणून भट्टीवर काम मिळेना, जोडी लागते ना. ती भावाबरोबर जोडीत जाऊ लागली. मुलं मोठी झाली. यंदाही दिवाळीनंतर गेली आहे, पावसाआधी येईल. या सगळ्या वर्षांत मी तिच्या घरी कितीदा तरी चहा प्यायलो. माफी अजून मागितलेली नाही.