दोन शिपाई, किती निशाणं?



जुनं रोमन नाणं हाती आलं की आपण आधी सम्राटाचा चेहरा बघतो. पहिल्या शतकातल्या नाण्यांपुरतं ते ठीक आहे. नीरोची जाडजूड मान किंवा वेस्पेशियनचं टक्कल सहज ओळखू येतं. सेस्टर्शियस हे त्या काळचं भारदस्त पितळी नाणं. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास आणि मागच्या बाजूला बहुधा एस आणि सी ही अक्षरं, म्हणजे 'सिनेटच्या ठरावानुसार'. अशी नाणी संग्रहालयात दिमाखात मांडलेली असतात.

मला मात्र चौथ्या शतकातली नखाएवढी, काळपट ब्राँझची नाणी जास्त मोलाची वाटतात. ती सामान्य माणसाच्या हातात खेळली. त्यांवरचे चेहरे सगळे एकसारखे, त्यातून नावांचा गोंधळ. कॉन्स्टंटाइन द ग्रेटच्या मुलांपैकी तिघे : कॉन्स्टंटाइन दुसरा, कॉन्स्टॅन्टियस दुसरा आणि कॉन्स्टन्स. निम्मी अक्षरं झिजली की बाप कोण नि मुलगा कोण, कळणं कठीण.

अशा वेळी नाणं उलटावं. समजा, मागे भाले घेतलेले दोन शिपाई समोरासमोर उभे आहेत आणि कडेने 'ग्लोरिया एक्झर्किटूस', म्हणजे 'सैन्याचा गौरव', असं लिहिलंय. आता त्या दोघांच्या मधली निशाणं मोजा. दोन असतील, तर नाणं साधारण सन ३३० ते ३३५ मधलं. एकच असेल, तर त्यानंतरचं. ३३५च्या सुमारास नाण्याचं वजन अडीच ग्रॅमवरून दीड ग्रॅमच्या आसपास आलं, आकारही आक्रसला, तेव्हा एक निशाण गेलं.

मग पुन्हा दर्शनी बाजू. डावीकडे खालून सुरुवात करून कडेकडेने वाचत जा. यू या अक्षराच्या जागी व्ही दिसेल. शेवटी ए-व्ही-जी असेल तर तो 'ऑगस्टस', म्हणजे सम्राट. एन-ओ-बी-सी असेल तर तो 'सीझर', म्हणजे युवराज. नाव कॉन्स्टन्सचं, पदवी सीझरची आणि मागे दोन निशाणं, असं जमलं की काळ फार थोडा उरतो. तो सीझर झाला ३३३च्या अखेरीस, आणि ३३५च्या सुमारास दुसरं निशाण गेलं. उलट, तिघांपैकी कुणाही मुलाच्या नावापुढे ऑगस्टस असेल, तर नाणं ३३७ मध्ये वडील वारल्यानंतरचं.

शिपायांच्या पायांखालच्या पट्टीत टाकसाळीची खूण असते. एस-आय-एस म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. टी-आर म्हणजे जर्मनीतलं ट्रियर. त्यापुढचं पी किंवा एस सांगतं, की नाणं तिथल्या पहिल्या विभागात पाडलं की दुसऱ्या.

हे सगळं भिंगाखाली, तिरप्या उजेडात बघावं. चिंच, लिंबू किंवा तारेचा ब्रश नाण्याला अजिबात लावू नये. वरचा हिरवट-काळा थर म्हणजे नुसता मळ नव्हे. पुष्कळदा अक्षरांची वळणं त्याच थरात टिकलेली असतात. थर खरवडला की अक्षरंही जातात.

रोमन काळाच्या अखेरची तांब्या-ब्राँझची नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेतही पुष्कळ सापडली आहेत. श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. तिथलं नाणं हाती आलं तर टाकसाळीच्या खुणेकडे आणि कडेच्या अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावं. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके असतील, तर ते रोमन टाकसाळीतलं नसून नकलांपैकी असण्याचा संभव मोठा. तेही तितक्याच काळजीने जपून ठेवावं.