चिखलदऱ्याची सहल आणि आपले कोरकू शेजारी
(जऊळका येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात आणि चिखलदऱ्याचे नाव बहुधा प्रथम निघते. ते योग्यच आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलेले हे लहानसे गाव मुलांना थंड हवा, खोल दऱ्या आणि कॉफीचे मळे दाखविते. जऊळक्याला तर ते अगदी परके नाही. आपल्या स्थानकावरून जाणारा लोहमार्ग अरुंद होता, त्या काळी त्याच मार्गाच्या गाड्या अकोला व अकोट मागे टाकून मेळघाटाच्या डोंगरातून खांडव्यास जात. धूळघाटाजवळ चढ साधण्यासाठी रुळांना असा वेढा दिला होता की, गाडी आपल्याच मार्गावरून पुलाने पलीकडे जाई.

सहलीत आपण मुलांना काय दाखवितो? भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले असे लोक सांगतात ती दरी, आणि नंतर गाविलगड. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ साली हा किल्ला बांधविला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो भोसल्यांकडून घेतला. हाच सेनापती पुढे १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनविरुद्ध लढला. हे सारे मुलांनी वहीत अवश्य लिहावे. परंतु ज्या लोकांचे घर या डोंगरात आहे, त्यांच्याविषयी वहीत एकही ओळ नसते. बसच्या खिडकीतून दिसलेली कोरकू माणसे मुलांच्या मनात देखाव्याचाच एक भाग होऊन राहतात. ही उणीव भरून काढणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

आरंभ भाषेपासून करावा. कोरकू भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून कोरकू म्हणजे 'माणसे'. पाण्याला ते 'डा' म्हणतात. ही मराठीची बोली नव्हे, किंवा हिंदीचीही नव्हे. ती मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा असून तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी तिकडे झारखंडात आहेत. मेघालयातील खासी आणि कंबोडियातील ख्मेर यांच्याशीही तिचे दूरचे नाते लागते. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून अधिक लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा नोंदविली आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या परिसरात, निहाली बोलणारे थोडे लोक आहेत. त्यांच्या भाषेचे नाते जगातील कोणत्याही भाषेशी निश्चित जोडता आलेले नाही. एवढे भाषाधन आपल्या दाराशी आहे, हे मुलांस कळले पाहिजे.

नंतर रीतिभाती. कोरकू गावात घरांच्या दोन रांगा समोरासमोर असतात व मधून रुंद रस्ता जातो. गावाचा मुठवा देव दगडांच्या रूपात असतो. मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळीवर घोडेस्वार, चंद्र आणि सूर्य कोरून ती उभी करतात. तिला 'मुंडा' म्हणतात आणि त्या विधीला 'सिडोली'. अशी फळी दिसल्यास मुलांनी तिच्यावर हात ठेवू नये. आपल्या आजोबांच्या समाधीपाशी जसे वागू, तसेच तेथे वागावे. कोणाच्या अंगणात शिरावयाचे किंवा छायाचित्र घ्यावयाचे तर आधी विचारावे. पैसे देऊन कोणास नाचावयास सांगणे तर सर्वथा टाळावे.

मेळघाटाचे दुःखही मोठ्या मुलांपासून लपवू नये. १९९३ च्या सुमारास तेथील बालमृत्यूंच्या वार्तांनी सारा महाराष्ट्र हादरला. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. पुढे वाघासाठी काही गावांना आपली जागा सोडावी लागली. मात्र केवळ दीनवाणे चित्र दाखविणे हाही अन्यायच होय. पायथ्याच्या पायविहीर गावाने २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळविला, उजाड टेकडीवर झाडे जगविली, सीताफळांची विक्री स्वतः केली आणि २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. आपल्या गावच्या माळरानाकडे पाहणाऱ्या मुलांना हे उदाहरण फार जवळचे वाटेल.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कोरकू मूल प्रथम शाळेत येते, तेव्हा गुरुजींचे बोलणे त्याच्या घरातले नसते. ते गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला मंद ठरविणे सोपे असते. ही गोष्ट चिखलदऱ्यापुरती आहे काय? आपल्या वाशीम जिल्ह्यात बंजारा तांडे आहेत. तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते. शेवटच्या रांगेत निमूट बसलेले मूल आपणा प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे या क्षणी उभे राहिले असेल.

म्हणून सहलीहून परतल्यावर फळ्यावर तीन रकाने आखावे: मराठी, कोरकू आणि गोरबोली. पाणी, आई, भाकरी, झाड असे दहा शब्द घ्यावे. कोरकू शब्द चिखलदऱ्यास माणसांना आदराने विचारून आणलेले असावेत. गोरबोलीचे शब्द मात्र तांड्यावरच्या मुलाने फळ्यापाशी येऊन सांगावे, आणि गुरुजींनी ते त्याच्याकडून शिकून घ्यावे. त्या दिवशी ते मूल वर्गात बोलेल. एकदा बोलू लागलेल्या मुलाला मराठी शिकविणे फारसे कठीण जात नाही.

सहलीचा खर्च पालक पोटाला चिमटा घेऊन देतात. त्याच्या मोबदल्यात मुलांनी शेजाऱ्याला नावाने ओळखण्यास शिकावे, इतकी अपेक्षा धरून मी आपली रजा घेतो.