प्रत्येकाच्या हातात एक तुकडा
(ऑस्टिन येथे मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेले भाषण)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. शिकवण्याचा अनुभव म्हणाल तर आपली रविवारची मराठी शाळा, तोही चुका करत मिळवलेला. त्यातल्या दोन चुका आज सांगतो.

माझ्या वर्गात दहा मुलं. कोणी नुकतंच पुण्याहून आलेलं, कोणी इथंच जन्मलेलं, कोणाची आई तेलुगू, कोणाचे बाबा अमेरिकन. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून, असं मी कुठंतरी वाचलं होतं. आपण पडलो इंजिनिअर! लगेच तीन टेबलं मांडली आणि मुलांची वाटणी केली. एक मुलगी छान चित्रं काढायची, ती गेली चित्रांच्या टेबलावर. वर्षअखेरीस तिची आई म्हणाली, "वही छान भरलीय हो, पण फोनवर आजीशी अजून एक वाक्य बोलत नाही." मी काय बोलणार? तिच्यावर बोलायची वेळच मी येऊ दिली नव्हती.

नंतर कळलं की २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन तपासलं होतं. मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात हे खरं, पण त्या आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही.

मग करायचं काय? उत्तर आपल्याच गावात होतं. १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात बसू लागली आणि भांडणं, मारामाऱ्या सुरू झाल्या. तेव्हा टेक्सास विद्यापीठातल्या प्रा. एलियट अ‍ॅरन्सन यांनी पाच-सहा जणांचे मिश्र गट केले. धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला. तो त्यानं गटाला समजावायचा, परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. ज्याचं इंग्रजी कच्चं त्याला हसून भागेना, कारण त्याचा तुकडा गटात दुसऱ्या कोणाकडेच नव्हता! हीच ती 'जिगसॉ' पद्धत.

मी उत्साहानं महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचे पाच तुकडे केले. मिठाईचे पेटारे त्या मुलीकडे आले. ती अडखळली, आणि पुण्याच्या मुलानं अख्खी गोष्ट घडाघडा सांगून टाकली. त्याला ती पाठच होती! ही माझी दुसरी चूक. तुकडा खरोखर तिचाच असायला हवा होता.

पुढच्या खेपेला सांगितलं, आजी-आजोबांना फोन करा आणि त्यांच्या गावचा एक सण विचारून या. एकानं तेलंगणातली बतुकम्मा आणली, एकानं थँक्सगिव्हिंग. आमच्या चित्रवालीची आजी नागपूरची. तिनं आणला तान्हा पोळा. पुण्याच्या मुलाला तो ठाऊकच नव्हता. "लाकडाचे बैल? मग ते चालतात कसे?" ती म्हणाली, "चाकं असतात. मुलं ओढतात." मोडकं का होईना, पण मराठी! आणि त्याआधी आजीशी फोनवर किती बोलणं झालं असेल, ते तुम्हीच ओळखा.

मंडळी, आजचा निधी मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या अभ्यासवर्गाला जाणार आहे. तिथंही एका खोलीत निरनिराळ्या वयांची मुलं. कोणी वर्षभर शाळेत, कोणी हंगामात आईबापांबरोबर फडावर, कोणाच्या घरी बंजारा बोली. फडावरून आलेल्या मुलाचं पुस्तक मागे राहिलेलं असतं, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं असं थोडंच आहे? त्याला गटात बसवून नेमका प्रश्न विचारायला माणूस लागतो. वह्या-पुस्तकं देऊच, पण या निधीतला मोठा वाटा शिकवणाऱ्या ताई-दादांच्या मानधनासाठी असावा, अशी माझी विनंती आहे.

जाताना दाराशी पेटी ठेवली आहे. आपापला तुकडा त्यात टाकायला विसरू नका!