चाकांवरचे जुने घर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे मराठीत म्हणतात ते बहुधा थट्टेने. ब्रिटनमध्ये मात्र पाठीवरच्या बिऱ्हाडाची हौस प्रतिष्ठित समजली जाते, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तिची लागण झाल्यावाचून राहत नाही. मुले मोठी झालेली असतात, निवृत्ती जवळ आलेली असते, स्कॉटलंडमधील सरोवरे आणि कॉर्नवॉलचा किनारा पाहावयाचा राहून गेलेला असतो. अशा वेळी जीत पलंग, शेगडी, मोरी व शौचकूप अशी सर्व सोय आहे ती मोटार, म्हणजे मोटारहोम, घ्यावी असा विषय घरात निघतो. नव्या गाडीची किंमत पुष्कळांच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून दृष्टी साहजिकच जुन्या गाडीकडे वळते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेचा मोठा वाटा एका दुपारच्या पाहणीवर खर्ची पडावयाचा असल्यामुळे ही पाहणी कशी करावी याचा थोडा विचार आधी झालेला बरा.

नवखा गृहस्थ अशी गाडी पाहावयास जातो तेव्हा ती मोटार म्हणून पाहतो. किती मैल चालली, यंत्राचा आवाज कसा आहे, धूर काळा येतो काय, हे तो विचारतो. आणि त्याची पत्नी पडदे, गाद्या व ओटा पाहते. या दोन्ही पाहण्या अनाठायी नाहीत. परंतु मालवाहू गाडीचे म्हणून बनविलेले ते यंत्र नीट निगा राखल्यास लाखावर मैल चालते, आणि गाद्या केव्हाही बदलता येतात. जुन्या मोटारहोमला जे मारते ते पाणी होय.

कोकणात पावसाळ्यात भिंतीला ओल येते ती डोळ्यांना दिसते; पोपडे सुटतात, बुरशी धरते. मोटारहोममधील ओल इतकी प्रामाणिक नसते. जुन्या धाटणीच्या पुष्कळ गाड्यांत बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा, आतून शोभेचा कागद लावलेले पातळ प्लायवुड, आणि दोहोंच्या मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा व थर्मोकोल, अशी भिंतीची रचना असते. पत्र्यांचे सांधे एका चिकट लेपाने बुजविलेले असतात. वर्षे लोटली की हा लेप वाळतो, त्याला भेगा पडतात, आणि छपराची कड, खिडकीची चौकट, छतावरील झरोका किंवा मागच्या दिव्यांची भोके यांतून पाणी आत उतरते. ते लाकडात मुरते, लाकूड कुजते, आणि आतील कागदावर डाग उमटेपर्यंत रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो. मग भिंत उघडून सांगाडा बदलण्याचा खर्च हजारो पौंडांवर जातो. कधी कधी तो गाडीच्या किमतीशीच स्पर्धा करतो.

म्हणून खरेदीदाराने प्रथम नाकाचा उपयोग करावा. बंद असलेली गाडी आपल्यासमोर उघडावयास सांगावी. पहिल्या श्वासाला कुबट वास आला तर पुढची पाहणी दुप्पट सावधपणे करावी, आणि अत्तराचा वास फार आला तरीही तेच करावे. शक्य तर पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जावे. ब्रिटनमध्ये असा दिवस मिळणे अवघड नाही. गाद्या उचलून, कपाटे रिकामी करवून, वरच्या कप्प्यांचे कोपरे विजेरीने पाहावेत. खिडक्यांच्या खालची बाजू व छताच्या कडा अंगठ्याने दाबून पाहाव्यात. भिंत मऊ लागली, कागद सुरकुतला असला, किंवा एकाच कोपऱ्यात नवा कागद लावलेला दिसला, तर त्याचे कारण विचारावे. जमिनीवर चालताना पाय दबत असेल, तर तळाच्या फळ्यांचे थर सुटले आहेत असे समजावे. ओल मोजण्याचे दोन टोकांचे लहान यंत्र मिळते. त्याचा आकडा १५ टक्क्यांच्या खाली असल्यास चिंता नाही. २० च्या वर गेल्यास खुलासा हवा, आणि ३० च्या वर गेल्यास आतील लाकूड बहुधा गेलेले असते.

तथापि एका यंत्राच्या भरवशावर राहण्यापेक्षा स्वतंत्र तज्ज्ञाकडून निवासी भागाची तपासणी करवून घेणे शहाणपणाचे. ही तपासणी दर वर्षी होत आली असेल, तर प्रत्येक वर्षी ओल कोठे किती होती याचा नकाशा मालकाजवळ असतो. पुष्कळ कारखानदारांची पाणी न शिरण्याची हमी या वार्षिक तपासणीवरच अवलंबून असते. येथे एक गैरसमज सांगून ठेवावयास हवा. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये गाडी तीन वर्षांची झाल्यावर दर वर्षी एम.ओ.टी. नावाची सक्तीची चाचणी होते. तीत ब्रेक, दिवे, टायर व धूर पाहतात. भिंतीची ओल पाहत नाहीत. ती चाचणी उत्तीर्ण झालेले घर आतून कुजलेले असू शकते.

दुसरी गोष्ट वजनाची. पुष्कळ मोटारहोमांची कायदेशीर कमाल मर्यादा ३,५०० किलो असते. समजा, चालक धरून गाडी ३,०८० किलो भरली. म्हणजे ४२० किलो उरले. आणखी तीन माणसे बसली की २०० गेले, पाण्याची टाकी भरली की १०० लिटरचे १०० किलो गेले. आधीच्या मालकाने हौसेने बसविलेला छत्रीवजा मांडव आणि दोन सायकली यांचे ६५ धरले, तर हाती ५५ किलो राहिले. त्यांत कपडे, गॅसचे नळकांडे, प्रेशर कुकर व तांदळाचा डबा बसवावयाचा. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. मर्यादा ओलांडल्यास दंड होतो, आणि वजन उतरविल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. कागदावरील आकड्यावर विसंबू नये. सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी चढवून पाहावी.

याच मर्यादेशी वाहन-परवान्याचाही संबंध आहे. १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास सामान्यतः ३,५०० किलोपर्यंतचीच मोटारहोम चालविता येते; भारतातून अलीकडे गेलेले बहुतेक लोक याच वर्गात मोडतात. त्यापूर्वी उत्तीर्ण झालेल्यांना ७,५०० किलोपर्यंत मुभा असते, पण वयाच्या ७० व्या वर्षी वैद्यकीय तपासणी देऊन ती टिकवावी लागते. अडुसष्टाव्या वर्षी जड गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

"फारच कमी चालली आहे हो," हे विक्रेत्याचे आवडते वाक्य. गाडी अंगणात उभी राहिली म्हणून तरुण राहत नाही. टायर वयाने तडकतात. त्यांच्या कडेवरील चार आकड्यांच्या खुणेवरून त्यांचे वय कळते. २३१९ असे असल्यास टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी नवी दिसली तरी पाच ते सात वर्षांत ते बदलावेत, असा सल्ला दिला जातो. हिवाळ्यात पाणी न काढता ठेवलेला बंबही गोठून फुटतो. म्हणून पाणी भरून, तापवून, सर्व नळ चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा. शेगडी, शीतपेटी व उष्णतायंत्र गॅसवर पेटवून पाहावीत. गॅसच्या कप्प्याच्या तळाची भोके झाकलेली नसावीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो व गळाल्यास खालीच साचतो.

निजण्याच्या जागा सहा असल्या तरी पट्ट्यांसह बसण्याच्या जागा चारच असू शकतात; नातवंडांना न्यावयाचे असल्यास हे मोजावे. नोंदणीपत्र हा मालकीचा पुरावा नव्हे, असे त्या पत्रावरच छापलेले असते; गाडीवर हप्त्यांचे कर्ज बाकी नाही ना याची चौकशी थोड्या शुल्कात होते. लंडनमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक खर्च संभवतो. २९ ऑगस्ट २०२३ पासून त्या शहराच्या सर्व उपनगरांत, युरो ६ या प्रमाणात न बसणारी डिझेल गाडी चालविल्यास दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात. स्वस्तात मिळालेली जुनी गाडी दारापर्यंत चालवीत आणण्यासाठीही हा भुर्दंड पडतो.

सौदा शक्य तर शरद ऋतूत करावा. वसंतात सर्वांनाच हौस सुटते आणि भाव चढतात. गाडी घरी आली की पहिला मुक्काम तासाभराच्या अंतरावर, दोनच रात्रींचा ठेवावा. वही जवळ ठेवून गळणारा नळ, न पेटणारा दिवा, न लागणारी कडी यांची यादी करावी, आणि स्कॉटलंडची सरोवरे पुढच्या महिन्यावर ठेवावीत.